शेवटून दुसरी बोली कुणाची? कोकणातल्या व्हॉट्सअ‍ॅप नाणेलिलावाचं परीक्षण

रत्नागिरी, चिपळूण, खेड आणि दापोली भागातल्या संग्राहकांचा हा व्हॉट्सअ‍ॅप लिलाव दर रविवारी रात्री नऊला सुरू होतो. नाणी आणि नोटा मुख्य, अधूनमधून टपाल तिकिटं आणि जुनी वजनमापं. गटाचं नाव इथे देत नाही, कारण याच नमुन्याचे गट पालघरपासून सावंतवाडीपर्यंत चालतात आणि नियमांचा तोच मेसेज थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतो. जे लिहिलंय ते कुठल्याही गटाला लावून पाहता येईल.

निकाल आधीच सांगतो. फोटो बरे, पार्सल उत्तम, बिल अर्धवट, आणि बोलीची व्यवस्था विश्वास टाकण्यासारखी नाही. पाचशे रुपयांच्या आतली ब्रिटिशकालीन तांब्याची नाणी इथून घ्यायला हरकत नाही. शिवराई, म्हणजे शिवकाळापासूनचं तांब्याचं नाणं, घ्यायची तर खाली दिलेले प्रश्न विचारून. लारी (चांदीच्या तारेचं जुनं नाणं), होन (सोन्याचं जुनं नाणं) किंवा हजारोंच्या घरातली चांदीची नाणी मात्र नियम बदलेपर्यंत इथे घेऊ नयेत.

पद्धत अशी. अ‍ॅडमिन लॉटचा, म्हणजे विकायच्या नगाचा, फोटो टाकतो, खाली बेस प्राइस आणि किमान वाढ लिहितो. सभासद त्या फोटोला रिप्लाय करून आकडा टाकतात. ठरलेल्या मिनिटाला अ‍ॅडमिन ‘क्लोज’ लिहितो आणि वरचा आकडा ज्याचा त्याला लॉट. ज्याला हजर राहता येणार नाही तो आपली कमाल रक्कम अ‍ॅडमिनला खासगीत कळवतो आणि अ‍ॅडमिन त्याच्या वतीने बोलतो. लॉट कुणाचा हे गटात सांगत नाहीत. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली मालक विकणार नाही ती, आहे की नाही तेही सांगत नाहीत. या दोन गोष्टी झाकल्या की बाकीचा उघडेपणा कितीही असला तरी कामाचा राहत नाही.

लिलावात किंमत ठरवतो तो हरणारा. समजा एका शिवराईसाठी तुमची तयारी नऊ हजारांची आहे. समोरचा खरा गिऱ्हाईक साडेचार हजारांवर थांबला आणि किमान वाढ शंभराची असली, तर ती तुम्हाला चार हजार सहाशेला मिळायला हवी. पण लॉटच्या मालकाचा भाऊ किंवा मित्र बोलीत उतरला, तर तीच आठ हजार नऊशेला पडते. घेणारा तोच, नाणं तेच. वरचे चार हजार तीनशे रुपये एका खोट्या माणसाने खिशातून काढले, आणि घेणाऱ्याला ते कळत नाही, कारण तो ‘जिंकलेला’ असतो. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो तेव्हा टोपली समोर असते, बोलणारा समोर असतो, आणि कोण कुणासाठी बोलतंय हे आख्ख्या किनाऱ्याला ठाऊक असतं. फोनवर दिसतो एक नंबर आणि एक डीपी. म्हणून इथे शेवटून दुसरी बोली कुणाची होती हा प्रश्न दर वेळी विचारावा लागतो.

कायदा यात संदिग्ध नाही. वस्तुविक्री कायदा, १९३० याचं कलम ६४ लिलावाबद्दलच आहे. विकणाऱ्याला स्वतः बोली लावायची असेल तर तसा हक्क त्याने आधी उघडपणे राखून ठेवावा लागतो. तसं न सांगता तो स्वतः बोलला, किंवा त्याने कुणाला बोलायला लावलं, तर ते बेकायदा आहे, आणि लिलाव चालवणाऱ्याने अशी बोली जाणूनबुजून घेणंही बेकायदा. घेणारा अशा विक्रीला फसवणूक मानू शकतो. किंमत चढवण्यासाठी लटकी बोली वापरली असेल तर व्यवहार रद्द करण्याचा हक्क घेणाऱ्याचा. राखीव किंमत ठेवायला मनाई नाही. ‘राखीव किंमत आहे’ एवढं आधी जाहीर करायचं, आकडा गुप्त ठेवला तरी चालतं. या गटाच्या नियमांत मात्र ‘अ‍ॅडमिनचा निर्णय अंतिम’ हे वाक्य तीनदा आहे आणि मालकाच्या बोलीबद्दल एक अक्षर नाही.

लटकी बोली ओळखायची तर वहीत पाच रकाने आखा: लॉट, बेस प्राइस, शेवटची बोली, शेवटून दुसरा बोलणारा, आणि तो लॉट पुन्हा दिसला का. पंधरा-वीस लिलावांच्या नोंदी झाल्या की चित्र उमटू लागतं. एखादा नंबर कायम दुसराच येत असेल, पण क्वचितच काही घेत असेल. तोच नंबर एका विशिष्ट प्रकारच्या मालावरच बोलत असेल, म्हणजे सगळ्या दुदांडी प्रकारच्या शिवराया किंवा सगळे व्हिक्टोरियाचे रुपये. आणि तो चुकून जिंकला की ‘घेणाऱ्याने माघार घेतली’ म्हणून तेच नाणं काही आठवड्यांनी परत. हाताने पाडलेलं नाणं परत आलं की ओळखता येतं. कडेची चीर, निसटलेलं अक्षर, गालावरचा ओरखडा जागच्या जागी असतात, म्हणून प्रत्येक लॉटचा फोटो तारखेसह जपून ठेवावा. एकदा असं झालं तर योगायोग असू शकतो, कारण खरोखर माघार घेणारे महाभागही असतात. पण तोच नंबर आणि त्याच प्रकारचा माल असं जुळत गेलं, तर तिथे थांबावं.

खासगीत दिलेली कमाल रक्कम हा याहून मोठा धोका. अ‍ॅडमिनला तुमचा आकडा माहीत असतो, आणि गटावरचा बराच माल त्याचा स्वतःचा असतो. ‘सभासदाचा लॉट’ असं लिहिलेल्या मालातही त्याचा किती, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. तपासणी सोपी आहे: दिलेली कमाल रक्कम आणि प्रत्यक्ष लागलेली किंमत दर वेळी शेजारी शेजारी लिहा. प्रामाणिक लिलावात हा फरक कधी मोठा, कधी छोटा, कधी लॉट हातचा गेलेला, असा विस्कळीत दिसतो. दर वेळी कमाल रकमेच्या शंभर-दोनशे खाली लॉट पडत असेल, तर तुमचा आकडा बोलीत वापरला जातोय. असं काम प्रत्येक धंद्यात चालतंच, असं म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. अमेरिकेत खेळाडूंच्या कार्डांच्या लिलावातलं सर्वांत मोठं नाव असलेल्या बिल मॅस्ट्रो यांना लटक्या बोलींच्या फसवणुकीबद्दल २०१५ मध्ये वीस महिन्यांची कैद झाली. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूच्या जगप्रसिद्ध कार्डाच्या कडा कापून ते नीटस केल्याचंही त्यांनी कबूल केलं होतं.

वेळेचा घोळ वेगळा. ठरलेल्या मिनिटाला लॉट बंद होतो, त्यामुळे शेवटच्या दहा सेकंदांत आकड्यांचा पाऊस पडतो. पावसाळ्यात लाइट गेली की गावोगावी रेंज जाते, बोली आपल्या स्क्रीनवर दिसते आणि गटात उशिरा पोचते. मग कुणाची बोली वेळेत, हे अ‍ॅडमिन आपल्या फोनवरून ठरवतो. उपाय साधा आहे आणि चांगल्या ऑनलाइन लिलावांत तो असतो: शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की वेळ आणखी दोन मिनिटं वाढवायची. टाकलेली बोली डिलीट करायलाही बंदी हवी. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेण्याचा हक्क कायद्याने आहे, पण तो ‘मागे घेतली’ असं लिहून वापरावा. डिलीट केलेल्या बोलीने वर चढवलेली किंमत तशीच राहते आणि चढवणारा नाहीसा होतो.

आता मालाकडे. सुरुवात लारीपासून, कारण ती इथली. चांदीची तार मधोमध दुमडून, हेअरपिनसारखी करून तिच्यावर ठसा मारत. इराणातल्या लार प्रांतावरून हे नाव पडलं, आणि दाभोळसारख्या आदिलशाही बंदरांतून ती कोकणात रुळली. ठसा तारेपेक्षा रुंद असल्यामुळे मजकूर कधीच पूर्ण उमटत नाही. वजन साधारण पावणेपाच ते पाच ग्रॅमच्या आत. या गटावर आलेल्या एका लारीच्या फोटोत अक्षरांच्या खाचांत लालसर माती दिसते, जांभ्या दगडाच्या मुलखातली असते तशी. खाली वर्णन: ‘आजोबांच्या पेटीतली, गॅरंटीड’. पेटीतली चांदी काळवंडते. तिच्या खाचांत जांभ्याची माती बसत नाही.

ही माती दोनच प्रकारची असू शकते. एक, डिंकाने किंवा लाखेने लावलेली. अ‍ॅसिटोनमध्ये, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा जो शुद्ध प्रकार केमिकलच्या दुकानात मिळतो त्यात, कापसाचा बोळा बुडवून फिरवला की लाखेची माती सुटते. डिंकाची असेल तर कोमट पाण्यात सैल होते. हे हवेशीर जागी, आगीपासून लांब करावं. खरी जमिनीतली माती गंजाच्या थरात रुतलेली आणि टणक असते, सहज सुटत नाही. माती खोटी निघाली तर फसवणूक झाली. खरी निघाली तर ती लारी कधी आणि कुणाच्या जमिनीतून आली, हा पुढचा प्रश्न. भारतीय निखात निधी कायदा, १८७८ नुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, आणि न कळवल्यास शिक्षेची तरतूद आहे. कळवल्यावर सगळं सरकार घेतं हा गैरसमज आहे. कुणी मालक पुढे आला नाही आणि सरकारने ठेवा स्वतःकडे घ्यायचं ठरवलं नाही, तर तो सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो. आपसात करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे. नारळाचा खड्डा खणताना गाडगं लागलं की गुपचूप विकायची जी घाई होते, त्यात ठेवा फुटतो. कुठली नाणी कुठल्या नाण्यांसोबत होती ही माहिती कायमची जाते, आणि अभ्यासाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची.

पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ इथे दुसऱ्या बाजूने लागतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं ही कायद्याने पुरावस्तू. ती जवळ बाळगायला बंदी नाही, पण तिचा व्यापार करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया, ज्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला म्हणून सरकारला तो मागे घ्यावा लागला होता, तोही आता शंभरी ओलांडून यात आला. मुंबईतल्या जुन्या लिलावगृहांच्या कॅटलॉगात परवाना क्रमांक छापलेला असतो. या गटाने तो कधीच दिलेला नाही. उलट ‘आखाती देशांतल्या सभासदांना पाठवण्याची सोय’ असं नियमांत लिहिलंय. कमिशन घेऊन दर आठवड्याला लारी विकणाऱ्याने हे लिहिणं धक्कादायक आहे.

शिवराईच्या लॉटांत वरच्या दर्जाच्या बनावटीपेक्षा साध्या ओतीव नकलाच जास्त दिसतात. गडांच्या पायथ्याशी आठवण म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतिकृती घासूनपुसून, काळ्या करून लॉटात येतात. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, हे सगळ्यांना पाठ झालंय, त्यामुळे मजकुरावरून काही ठरत नाही. ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’, ‘सीव’ असे लेखनभेद खऱ्यांतही आहेत. बघायचं ते धातूकडे. खरी शिवराई घणाचा घाव घालून पाडलेली. त्या घावाने धातू कडेकडे पळतो, कडेला बारीक चिरा पडतात, ठसा एका बाजूला सरकतो, अक्षराची कड खालच्या पृष्ठभागातून ताठ उठते. ओतीव नाण्यात अक्षरांचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोलावलेले असतात, सपाट भागावर हवेच्या बुडबुड्यांचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात, आणि कडेवर साच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा किंवा तो कानसून काढल्याच्या समांतर रेघा दिसतात. म्हणून कडेचा फोटो मागा. हा गट दोन बाजूंचे फोटो चांगल्या उजेडात देतो. कडेचा मागितल्याशिवाय देत नाही, पण मागितला तर देतो.

आणखी एक खूण. एकाच ठशातून पाडलेल्या दोन नाण्यांची अक्षरं जुळतात, पण तांब्याच्या चकतीचा आकार आणि कडेच्या चिरा जुळत नाहीत. दोन शिवरायांची चीरसुद्धा एकाच जागी असेल, तर दोन्ही एकाच साच्यातल्या, किंवा एक दुसरीवरून ओतलेली. जुने लॉट जपून ठेवण्याचा फायदा इथे होतो. वरून लावलेला रंग अ‍ॅसिटोनने निघतो, रसायनाने आणलेला काळेपणा निघत नाही, त्यामुळे ‘रंग गेला नाही’ म्हणजे खरी असं समजू नये.

चांदीच्या रुपयांत सर्वाधिक धोका १९३९ चा. ९१.७ टक्के चांदीचा हा शेवटचा रुपया दुर्मीळ आहे, म्हणून १९३८ मधला ‘८’ कोरून ‘९’ केलेले आणि पूर्ण नवे बनवलेले असे दोन्ही प्रकार बाजारात असतात. पहिला प्रकार दहापट भिंगाखाली आकड्याभोवतीची खरवड पाहून पकडावा. तिथे घनता उपयोगी नाही, कारण नाणं आणि चांदी खरीच असते. दुसऱ्यासाठी घनतेची, घरी करता येणारी चाचणी आहे. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्य करा. रुपया बारीक दोऱ्याने बांधून, पेल्याच्या तळाला वा बाजूला न टेकता, पूर्ण बुडवा. बुडबुडे चिकटले असतील तर हलवून सोडवा. ११.६६ ग्रॅमच्या अस्सल रुपयासाठी काटा १.१३ च्या आसपास दाखवतो. १९४० पासूनच्या निम्म्या चांदीच्या धातूला साधारण १.२२, तांबे-निकेलच्या नकलेला १.३ च्या वर. झिजलेल्या रुपयाचं वजन कमी असेल तर आकडाही त्या प्रमाणात उतरतो. म्हणून वजनाला या आकड्याने भागून बघावं: उत्तर १०.३ च्या जवळ हवं. या गटाच्या लॉटांत वजन लिहिलेलं असतं, पण काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो नसतो. तो मागावा.

नोटांच्या लॉटांबद्दल एवढंच: ७८६ क्रमांकाची किंवा ट्रॅक्टरची नोट लाखांत जाते अशा जाहिराती गटात येत राहतात आणि अ‍ॅडमिन त्या काढत नाही. रिझर्व्ह बँक असल्या व्यवहारात नसते, कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही देत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.

बिलाकडे बारकाईने बघा. दहा हजारांच्या बोलीवर आठ टक्के कमिशन म्हणजे ८००, त्यावर १८ टक्के जीएसटी १४४, टपाल वेगळं. मालावरचा कर लागत असेल तर तोही. गट कमिशनवर जीएसटी लावतो, पण बिलावर जीएसटी क्रमांक नाही. नोंदणी नसलेल्याला हा कर गोळाच करता येत नाही. क्रमांक पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो कुणालाही तपासता येतो. बिलावर लॉट क्रमांक, वजन, फोटोची तारीख आणि ‘अस्सल’ हा शब्द लिहून घ्या. ‘जसं आहे तसं’ एवढंच असेल तर नंतर भांडायला जागा उरत नाही.

पार्सलला मात्र पैकीच्या पैकी. दोन पुठ्ठ्यांत घट्ट, खुळखुळत नाही, विमा उतरवून स्पीड पोस्टाने. हे महत्त्वाचं, कारण बऱ्याच कुरियर कंपन्या आपल्या अटींत चलन आणि पुरातन वस्तूंची जबाबदारी घेत नाहीत. एकच खोट: नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत येतात. दमट हवेत त्यातून चिकट हिरवा थर सुटतो आणि तांबं खातो. आल्याबरोबर मायलरच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या, पाकिटात घाला, डब्यात सिलिका जेल ठेवा. किनाऱ्यावर सापडलेल्या तांब्याच्या नाण्यांवर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली तर ती समुद्राच्या मिठाने लागलेली कीड समजा आणि बाकीच्या नाण्यांपासून वेगळी ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात आठवड्यागणिक पाणी बदलत भिजवणं आणि पूर्ण कोरडं करणं हा सुरुवातीचा उपाय. चिंचेने किंवा पितांबरीने घासलेली शिवराई चकचकीत दिसते आणि तिची संग्राहकाच्या लेखी किंमत कोसळते.

परतीची मुदत गटाने ४८ तासांची ठेवलीय, पार्सल हाती आल्यापासून. बनावटीची तपासणी व्हायला हा वेळ फार कमी आहे. बनावटीच्या बाबतीत तरी मुदत काही महिन्यांची हवी. पार्सल उघडताना शिक्क्यापासून नाणं काट्यावर ठेवेपर्यंत न थांबता व्हिडिओ काढा. तक्रार लेखी करा. अधूनमधून स्वतःचं एखादं नाणं विकणाऱ्याला ई-कॉमर्स नियम, २०२० लागू होत नाहीत. पण नियमित कमिशन घेऊन धंदा करणाऱ्याला ‘हा फक्त गट आहे’ म्हणून सुटता येऊ नये. त्या नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पैसे घेऊन माल पाठवलाच नाही तर लगेच सायबर तक्रारीचा १९३०. या सगळ्याच्या आधी गटाची चॅट फोटोंसकट एक्स्पोर्ट करून ठेवा. तक्रार केल्यावर पहिली गोष्ट होते ती म्हणजे तुम्हाला गटातून काढलं जातं, आणि नंतरच्या बोली, डिलीट झालेले मेसेज, ‘माघार घेतली’ म्हणून परत आलेले लॉट, यातलं काही तुम्हाला दिसत नाही.